एकदाही पहिली नाही, तरी विजेती?

प्रश्न: माझी भाची शिडाच्या होड्यांच्या स्पर्धेत एकाही शर्यतीत पहिली आली नाही, तरी सुवर्णपदक तिलाच मिळालं. असं कसं?

उत्तर: ताई, भाचीचं मनापासून कौतुक! या खेळात गुण जितके कमी तितके चांगले. पहिल्याला 1, दुसऱ्याला 2, अशी सगळ्या शर्यतींची बेरीज. ठरावीक शर्यती झाल्या की सर्वांत वाईट निकाल वगळतात. त्यामुळे एकदाही पहिली न येता सतत तिसरी-चौथी येणारीही पुढे जाऊ शकते.

माझंच सांगतो. चाळीस होड्या होत्या. सुरुवातीचं निशाण उतरण्याच्या क्षणभर आधी माझ्या होडीचं नाक सुरुवातीच्या रेषेपलीकडे गेलं आणि मी मागे फिरून पुन्हा सुरुवात केली नाही. पडले 41 गुण, म्हणजे होड्यांची संख्या अधिक एक! ते वगळले गेले, पण पुढे चुकायला जागाच उरली नाही. त्या आठवड्यात मी प्रत्येक सुरुवातीला हात आखडता घेतला.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये डिंगी या छोट्या होडीच्या प्रकारात पहिल्या दहांची शेवटची पदक-शर्यत दुप्पट गुणांची होती, आणि ती वगळताही येत नव्हती.

जागतिक क्रमवारीचं गणित मात्र उलटं. तिथे गुण जास्त तितके चांगले, मोठ्या दर्जाच्या स्पर्धेत ते अधिक मिळतात आणि जुने निकाल हळूहळू गळतात. भाचीला सांगा, पुढची स्पर्धा दर्जा बघूनच निवड.