वाचकांचे प्रश्न : निळा कोणता, हे पान न खरवडता कसे ओळखतात?

प्रश्न : लिंडिसफार्न गॉस्पेल्स या ख्रिस्ती शुभवर्तमानांच्या हस्तलिखितातला निळा रंग लाजवर्दाचा (निळ्या दगडाच्या पुडीचा) आहे, असे जुन्या लेखांत वाचले होते. आता तो नीळ आहे म्हणतात. खरे काय?

उत्तर : नीळच. ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या, इ. स. 700च्या सुमाराच्या या पोथीवर रामन वर्णपटाची तपासणी (लेसर टाकून, विखुरलेल्या प्रकाशावरून द्रव्य ओळखणे) झाली, तेव्हा लाजवर्द सापडला नाही. उत्तर युरोपात ही नीळ वोड नावाच्या झाडाच्या पानांपासून काढत. मात्र तिच्यातला रंगद्रव्याचा रेणू आपल्याकडच्या निळीतला तोच, त्यामुळे झाड कोणते हे रामन सांगत नाही. ते काळ आणि प्रदेश पाहून ठरवावे लागते.

तपासणीची सुरुवात सूक्ष्मदर्शकापासून करावी. लाजवर्दाचे निळे कण लहानमोठे असतात, त्यांत कॅल्साइटचे रंगहीन कण मिसळलेले दिसतात. नीळ इतकी बारीक की कण वेगळे दिसतच नाहीत. मग अवरक्त छायाचित्र घ्यावे. अझुराइट (तांब्याचे निळे खनिज) काळपट राहतो, लाजवर्द आणि नीळ दोन्ही फिके पडतात. एक्सआरएफमध्ये, म्हणजे क्ष-किरण टाकून मूलद्रव्ये ओळखण्याच्या तपासणीत, तांबे दिसले तर अझुराइटचा संशय घ्यावा, पण इथेच फसगत होते. क्ष-किरण चर्मपत्रातून आरपार जातात, त्यामुळे मागच्या बाजूच्या जंगालातले (तांब्यापासून केलेल्या हिरव्या रंगातले) तांबेही नोंदले जाते. म्हणून आधी पान उलटून पाहावे.

शेवटी रामन. लाजवर्दाची ठळक रेषा 548 प्रतिसेंटिमीटरला येते, निळीची 1,575च्या आसपास. शेंदराचीही एक रेषा 549ला आहे, आणि या पोथीत शेंदराच्या लाल ठिपक्यांच्या रांगाच आहेत. लेसर जरा सरकला की घोटाळा. शेंदराची 122ची रेषा सोबत दिसते का, हे तपासल्याशिवाय लाजवर्दाचे नाव घेऊ नये. लेसरची शक्ती एखाद्या मिलिवॉटवर ठेवावी. जास्त झाली तर शेंदूर तापून पिवळ्या शिसे-ऑक्साइडमध्ये बदलतो. तो डाग मग कायमचा.

प्रश्न : काही पोथ्यांत हिरव्या रंगाखालचेच पान का फुटते?

उत्तर : तो हिरवा बहुधा जंगाल असतो, म्हणजे तांब्यावर आंबवणी चढवून काढलेला रंग. त्यातले तांब्याचे आयन चर्मपत्रातल्या कोलॅजेनचे (कातड्यातल्या प्रथिनाचे) ऑक्सिडीकरण वाढवतात, ओलाव्यात ते आजूबाजूलाही पसरतात. फुटलेल्या जागी पाण्यातली खळ लावून ठिगळ देऊ नये, नुकसान वाढते.