आलेल्या ईमेलवर कधी उद्याची तारीख, कधी १९७० साल दिसतं. असं का? फोन बदलावा का?

फोन बदलू नका. त्याचा यात काही दोष नाही.

ईमेलवर जी तारीख-वेळ दिसते ती बहुतेक वेळा पाठवणाऱ्याच्या मशीननं घातलेली असते. पत्राच्या कोपऱ्यात आपण हातानं तारीख घालतो तशी. टपालाचा शिक्काही मेलमध्ये असतो, पण तो आत दडलेला, उघडून बघावा लागतो. पाठवणाऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल तर वरची ती ओळ वाटेत कुणी दुरुस्त करत बसत नाही.

घड्याळ चुकतं ते मदरबोर्डवरचा बटण सेल संपल्यावर, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात रात्री शटर ओढताना मेन स्विच पाडतात, त्यामुळं हा सेल लवकर बसतो. पण सेलचं एक बरं असतं, तारीख एकदम काही वर्षं मागं जाते आणि शेंबड्या पोरालाही कळते. खरा घात करतो तो टाइम झोन. त्यानं माझी एक ऑर्डर खाल्ली आहे, म्हणून एवढं लिहितोय.

आमचं मशिनिंगचं छोटं युनिट. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्यानं टाकायची होती. ते काम दाजींनी अंगावर घेतलं, कारण दाजींना सगळं येतं. नव्या विंडोजमध्ये टाइम झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा होता, तसा तो पुष्कळदा असतो. घड्याळ साडेबारा तास मागं दिसलं. दाजींनी झोनकडं बघितलंही नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून तास-मिनिटं जुळवली. इंटरनेट ती वेळ परत परत 'बिघडवायला' लागलं, म्हणून आपोआप वेळ घ्यायची खूणही काढून टाकली. स्क्रीनवर वेळ एकदम बरोबर. शंका यावी तरी कुणाला?

जुलै महिना. एका मोठ्या कंपनीला व्हॉल्व्ह बॉडीचं कोटेशन संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचं होतं. मी ४:४० ला पाठवलं. थोड्या वेळानं त्यांच्या इंजिनिअरचा फोन आला, मटेरियलची ग्रेड विचारायला. म्हणजे मेल त्याच्यासमोर उघडा होता. आणि दोन दिवसांनी परचेसवाले म्हणाले, तुमचं कोटेशन मुदतीनंतर आलंय. पुढ्यात प्रिंट टाकली: पाठवल्याची वेळ दुसऱ्या दिवशी पहाटे ५:१०.

हिशोब बघा. आमच्या मशीननं लिहिलं '१६:४०, −०७००'. म्हणजे ग्रीनिचच्या (लंडनजवळचं, जिथून जगाची वेळ मोजतात) सात तास मागं असलेल्या गावातले ४:४०. ग्रीनिचला तेव्हा रात्रीचे ११:४०. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढं, म्हणून पहाटे ५:१०. कंपनीच्या आउटलुकनं, म्हणजे मेल वाचायच्या प्रोग्रॅमनं, गणित अचूक केलं, आकडाच खोटा दिला होता. मेल निघण्याच्या साडेबारा तास आधी पोचला होता! मी विचारलं, पहाटे पाठवलेला मेल तुमच्या इंजिनिअरनं आदल्या संध्याकाळी वाचला कसा? तर म्हणे, प्रिंटवर आहे ते आहे.

ऑर्डर गेली ती गेली. दाजी मात्र आजही चारचौघांत म्हणतात, "पहाटे उठून पाठवलास आणि आता घड्याळावर ढकलालायस व्हय?" मी पहाटे पाचला उठत नाही हे अक्कालाही माहीत आहे.

त्या मेलची एक प्रत माझ्या जीमेलवर होती. कॉम्प्युटरवर मेल उघडायचा, तीन ठिपक्यांत 'शो ओरिजिनल' दाबायचं. तिथं 'रिसीव्ड' अशा ओळी दिसतात. मेल ज्या ज्या सर्व्हरवरून जातो तो आपली वेळ वर चिकटवतो, म्हणून त्या खालून वर वाचायच्या. गूगलची ओळ होती ०४:११, −०७००. दाजी लगेच म्हणाले, "बघ की, गूगल पण तेच लिहितंय. त्यांनी ठेवलं तर चालतंय आणि मी ठेवलं की चुकलं?"

दाजी, तुम्हीही हे वाचत असाल तर पुन्हा सांगतो. तास आणि झोन ही जोडी आहे. गूगलचा तासही तिकडचा आणि झोनही तिकडचा, म्हणून पहाटेचे ०४:११ म्हणजे आपले दुपारचे ४:४१. तुम्ही तास कोल्हापूरचा ठेवलात आणि झोन कॅलिफोर्नियाचा.

कायदाही माझ्याच बाजूनं आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ प्रमाणं मेल पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या यंत्रणेत शिरला की तो 'पाठवला' आणि ठरवून दिलेल्या पत्त्याच्या यंत्रणेत शिरला की 'मिळाला'. प्रिंटवर काय छापलंय याचा तिथं संबंध नाही. (दोघांत वेगळी अट ठरली असेल तर ती अट चालते, तेवढं टेंडरमध्ये बघून घ्या.)

तुम्हाला उद्याची तारीख दिसते ती अशाच कुणा दाजींच्या कृपेनं. पाठवणाऱ्याला सांगा: झोन 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' आहे का बघ, वेळ आपोआप घेऊ दे, हातानं घड्याळ लावू नको. सगळेच मेल चुकीचे दिसत असतील तरच स्वतःच्या फोनची सेटिंग तपासा. दुबईहून आलेल्या भाच्याच्या फोनात सगळं दीड तास मागं दिसत होतं, तसं काही असेल.

आणि हो, 'रिसीव्ड'च्या खालच्या ओळी खोट्याही घालता येतात. तुमच्या स्वतःच्या मेल कंपनीनं घातलेल्या वरच्या ओळींवरच विश्वास ठेवा.

१९७० वालं राहिलंच. कॉम्प्युटरवाले वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात, ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून. मेलमध्ये तारीखच नसली किंवा वाचता आली नाही, तर काही ॲप शून्य धरतात आणि आपल्याकडं १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३० दिसतं. तो मेल पहिल्यांदा स्पॅम आहे का ते बघा.