वाचकांचे प्रश्न: केराटिनांचे क्रमांक

प्रश्न: कर्करोगाच्या तपासणी अहवालात ‘सीके ७’, पुस्तकात ‘के ७’ आणि जनुकांच्या यादीत ‘केआरटी ७’ असे आढळते. ही वेगवेगळी प्रथिने आहेत का? शिवाय मानवी केराटिनांचे क्रमांक ४० नंतर एकदम ७१ वर का जातात?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर: केराटिने म्हणजे त्वचा, केस आणि अभिस्तर (शरीराचे पृष्ठभाग व पोकळ्या झाकणारे पेशींचे थर) यांतील तंतुमय प्रथिने. ‘केआरटी ७’ हे जनुकाचे नाव, ‘के ७’ हे त्यापासून तयार होणाऱ्या प्रथिनाचे, आणि ‘सीके ७’ म्हणजे सायटोकेराटिन ७ हे त्याच प्रथिनाचे जुने नाव असून पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळांत ते आजही रूढ आहे.

१९८२ मध्ये मोल, फ्रांके आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी मानवी अभिस्तरातील १९ केराटिनांची सूची केली. १ ते ८ ही उदासीन किंवा आम्लारिधर्मी केराटिने दुसऱ्या प्रकारात आणि ९ ते १९ ही आम्लधर्मी पहिल्या प्रकारात मोडतात. या विभागणीला जैविक आधार आहे, कारण केराटिनाचा तंतू घडण्यासाठी दोन्ही प्रकारांतील एकेक रेणू जोडीने यावा लागतो. त्वचेच्या तळच्या थरात के ५ आणि के १४ यांची अशी जोडी असते. म्हणूनच या दोहोंपैकी कोणत्याही एकाच्या जनुकात दोष आला, तरी त्वचेवर सहज फोड येणारा एपिडर्मोलिसिस बुलोसा सिम्प्लेक्स हा आजार उद्भवू शकतो.

केसांच्या केराटिनांना पूर्वी वेगळी नावे होती, आणि जनुकसंच उलगडल्यावर नव्या केराटिनांची भर पडून नावांचा गोंधळ वाढला. तो निस्तरण्यासाठी २००६ मध्ये सस्तन प्राण्यांसाठी सर्वसंमत नामपद्धती प्रसिद्ध झाली. तिच्यात मानवाची ५४ कार्यक्षम केराटिन जनुके नोंदली आहेत: पहिल्या प्रकारची २८, दुसऱ्या प्रकारची २६. मानवी केसांतील पहिल्या प्रकारच्या केराटिनांना ३१ ते ४० हे क्रमांक मिळाले, तर ४१ ते ७० हे क्रमांक इतर सस्तन प्राण्यांतील त्याच प्रकारच्या केराटिनांसाठी राखून ठेवले. त्यामुळे मानवाच्या दुसऱ्या प्रकारातील नव्या केराटिनांची मोजणी ७१ पासून सुरू होते. त्यांतली ८१ ते ८६ ही केसांची आहेत. छद्मजनुकांचे (जनुकांसारख्या दिसणाऱ्या, पण कार्यक्षम नसलेल्या प्रतींचे) क्रमांक १२१ पासून पुढे आहेत.

जुने क्रमांक कायम ठेवण्याचा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, कारण ते बदलले असते तर रुग्णांच्या जुन्या अहवालांचा अर्थ लावणे धोक्याचे ठरले असते. मात्र क्रमांकांची जवळीक म्हणजे नाते, असे समजू नये. के ८ आणि के ९ शेजारी दिसले तरी त्यांचे प्रकार भिन्न आहेत. मानवात पहिल्या प्रकारची जनुके १७ व्या गुणसूत्रावर आणि दुसऱ्या प्रकारची १२ व्या गुणसूत्रावर असतात. अपवाद एकट्या के १८ चा, ज्याचे जनुक पहिल्या प्रकारचे असूनही १२ व्या गुणसूत्रावर, आपल्या जोडीदार के ८ च्या जनुकाला लागून आहे.