वाहन आणि रस्ता सुरक्षेचे नियम सरकारं कडक का करत नाहीत? बहुतेक अपघात तर चालकाच्या चुकीनेच होतात ना?

चालक चुकतो, हे खरंच आहे. पण सगळा दोष त्याच्या माथी मारणं बाकीच्यांना सोयीचं पडतं, आणि नियम ढिले राहण्याचं मोठं कारण मला तेच वाटतं. ‘भरधाव वेग, निष्काळजीपणा’ अशी नोंद झाली की प्रकरण मिटतं. वळणावर कठडा का नव्हता, गाडी आतपर्यंत का चेपली, हे कुणी विचारत नाही. विमान पडलं तर ‘वैमानिक चुकला’ म्हणून फाइल बंद होत नाही. त्याच्या चुकीनं एवढा घात कसा झाला, इथपर्यंत चौकशी जाते. रस्त्यांवर जगभरात वर्षाला जवळपास १२ लाख माणसं मरतात, पण एकेक-दोनदोन करून. त्यामुळे कोणत्याच सरकारला घाम फुटत नाही.

गाड्यांचंच बघा. २०१६ मध्ये अमेरिकेत निसानच्या दोन गाड्या मुद्दाम समोरासमोर धडकवल्या. एक व्हर्सा, कंपनीची अमेरिकेतली सर्वांत स्वस्त सेडान. दुसरी त्सुरू, मेक्सिकोतली सर्वांत स्वस्त. त्सुरूत एअरबॅग नव्हती, सांगाडा कोलमडला, आत माणूस असता तर वाचला नसता. व्हर्साचा चालक वाचला असता. कंपनी एकच आणि दोन्ही गाड्या आपापल्या देशात कायदेशीर! कायद्यानं भाग पाडलं तिथे कंपनीनं सुरक्षा दिली, नाही तिथे दिली नाही. ‘किंमत वाढेल, गिऱ्हाईक मागत नाही’ ही सबब मला अजिबात पटत नाही. धडकेत आपल्या गाडीचा सांगाडा टिकेल का, हे गिऱ्हाईक शोरूममध्ये उभं राहून कसं ओळखणार?

नियम असूनही माणसं मरतात ती तपासणी नावापुरती असल्यामुळे. ट्रकच्या मागे खाली आडवा दांडा असतो. मागून आदळलेली कार ट्रकखाली घुसू नये म्हणून तो असतो. कारचा पुढचा भाग चेपून धक्का झेलण्यासाठीच बनवलेला असतो, पण बॉनेट ट्रकखाली सरकलं की तो भाग कशावर आदळतच नाही आणि हौद्याची कड काच फोडून थेट डोक्याशी येते. मग सीटबेल्ट लावलेला असूनही फारसा उपयोग होत नाही. तपासणीला ‘दांडा आहे’ एवढ्यावर खूण केली, तो किती मजबूत आहे, चेसिसला नीट जोडलाय का, गंजलाय का हे पाहिलंच नाही, तर ते प्रमाणपत्र काय कामाचं? माझा सगळ्यात जास्त राग या खोट्या खुणेवर आहे.

रस्त्यांबाबत स्वीडननं १९९७ मध्ये वेगळी भूमिका घेतली. माणूस चुकणारच, पण त्या चुकीला मृत्यू ही शिक्षा नको, हे तिथल्या संसदेनं धोरण म्हणून स्वीकारलं आणि जबाबदारी रस्ता आखणाऱ्यांवरही टाकली. रुंद दुपदरी रस्त्यांच्या मधोमध त्यांनी पोलादी दोरांचे कठडे घातले. डुलकी लागलेल्या चालकाची गाडी आता समोरच्या गाडीवर न जाता त्या दोरांवर आदळते. त्या रस्त्यांवरचे मृत्यू खूप घटले, चालक मात्र तेच होते.

मला विचाराल तर पहिली मागणी दंड वाढवण्याची नको. प्रत्येक जीवघेण्या अपघाताची चौकशी रस्ता बांधणारं खातं आणि पोलीस यांच्याबाहेरच्या यंत्रणेनं करावी आणि अहवाल लोकांसमोर ठेवावा. त्यात चालकाच्या नावासोबत गाडीचं मॉडेल, रस्त्याचा ठेकेदार आणि शेवटची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचं नावही असावं.