वाचकांचे प्रश्न : गाडीचे ब्रेक

पावसाळा सरून सुट्टीतील प्रवासाचे बेत सुरू झाले की या सदराकडे ब्रेकविषयीची पत्रे वाढतात. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. बहुतेक वाचकांना ब्रेकच्या आवाजाची काळजी वाटते. मुळीच आवाज न करणाऱ्या बिघाडाविषयी मात्र एकच पत्र आले. तेच सर्वांत गंभीर असल्यामुळे पहिले घेतले असून त्याला जागाही अधिक दिली आहे.

प्रश्न : आम्ही पाच जण सामानासह महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरत होतो. निम्म्याहून अधिक घाट उतरल्यावर चाकांकडून जळका वास येऊ लागला आणि ब्रेकचे पेडल एकदम खोल, जवळजवळ तळापर्यंत गेले. पुन्हा पुन्हा दाबल्यावर गाडी कशीबशी थांबली. अर्ध्या तासाने ब्रेक पूर्ववत झाले. गॅरेजमध्ये दाखवले, तर काहीच दोष नाही असे सांगितले. गाडी पाच वर्षांची आहे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या वर्णनावरून ब्रेक ऑइल, म्हणजे पेडलवरचा जोर चाकांच्या ब्रेकपर्यंत पोहोचवणारा द्रव, उकळले असावे, असा माझा स्पष्ट संशय आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे आणि पोलादपूर कोकणच्या पातळीवर, म्हणजे या एका उतारात सुमारे १३०० मीटर उंची संपते. माणसे व सामान धरून गाडीचे वजन १३०० किलो मानले, तर एवढ्या उतारात मोकळी होणारी ऊर्जा सुमारे ५० लिटर पाणी उकळीपर्यंत तापवू शकेल इतकी असते. तिच्यातील काही भाग टायर आणि वारा यांच्या विरोधात खर्ची पडतो. उरलेला भाग एकतर इंजिनाने अडवायचा असतो, नाहीतर ब्रेकने. सगळा भार ब्रेकवर टाकला की डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या) तापतात, त्यांची उष्णता त्यांना घासणाऱ्या पॅडमधून कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीत) आणि तेथून ऑइलमध्ये पोहोचते.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. टाकीच्या झाकणातून आणि रबरी नळ्यांमधून हा ओलावा वर्षानुवर्षे हळूहळू आत जात राहतो. बहुतेक गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नव्या बाटलीत किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की तो १५५ अंशांपर्यंत उतरला तरी ते ऑइल प्रमाणानुसारच मानले जाते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० असे आहेत. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दबते. म्हणून आपण पेडलवर दिलेला जोर बुडबुडे दाबण्यातच संपतो आणि चाकापर्यंत पोहोचत नाही. ऑइल निवले की वाफेचे पुन्हा द्रव होते, पेडल घट्ट लागते आणि सपाट रस्त्यावरच्या गॅरेजात कोणालाही दोष सापडत नाही.

याच्याशी मिळताजुळता दुसरा प्रकारही असतो. त्यात पेडल नेहमीसारखे घट्ट लागते, परंतु अतिशय तापलेल्या पॅडची पकड कमी झाल्यामुळे गाडी थांबत नाही. आपले पेडल खोल गेले, म्हणून मी ऑइलकडे बोट दाखवतो.

ऑइल किती जुने आहे, हे सर्व्हिसच्या बिलांवरून पाहावे. ते दर दोन वर्षांनी किंवा सुमारे ४०,००० किलोमीटरनंतर बदलावे, असे अनेक उत्पादक सांगतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जी मुदत दिली असेल ती पाळावी. केवळ रंगावर विसंबू नये, कारण स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी मुरलेले असू शकते. बदलताना वरच्या टाकीतले ऑइल काढून नवे ओतले म्हणजे काम झाले असे नाही. चारही चाकांपाशी जुने ऑइल निघून नवे येईपर्यंत ते सोडावे लागते आणि हवाही काढावी लागते. शक्यतो हे काम आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावे.

उतरण्याची पद्धतही बदलायला हवी. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम अजूनही चांगला आहे. मात्र आताची ताकदवान इंजिने तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढतात, तेव्हा उतरताना दुसरा गिअर लागला तर संकोच करू नये. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय बहुधा असते. सतत हलका पाय ठेवण्यापेक्षा थोडा वेळ नीट दाबून वेग कमी करावा आणि पाय पूर्ण उचलावा, म्हणजे डिस्कना निवायला उसंत मिळते. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांचा हिशेबही चुकतो: आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंधन जवळजवळ बंद होते, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते. घाट संपल्यावर तापलेल्या चाकांवर पाणी मारण्याची सवय तर पूर्णपणे सोडावी, कारण अचानक निवल्यामुळे डिस्क वाकू शकते किंवा तिला तडा जाऊ शकतो.

पुन्हा कधी पेडल खोल गेलेच, तर इंजिन बंद करू नये. पेडल भराभर दाबत राहावे, एकेक करून खालचे गिअर टाकावेत आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. एकदम ओढल्यास मागची चाके घसरतात. गाडी डोंगराच्या बाजूला ठेवावी.

प्रश्न : रोज सकाळी पहिल्या ब्रेकला खरखर आवाज येतो, नंतर जातो. अलीकडे दिवसभर बारीक चीं असा आवाजही येऊ लागला आहे. पॅड बदलावेत का? (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर : आपल्या भागातील दमट, खारट हवेत रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो आणि पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये तो घासून निघतो. त्यात काळजीचे काही नाही. दिवसभर येणारा बारीक आवाज मात्र वेगळा आहे. अनेक पॅडना पत्र्याची एक छोटी पट्टी असते; पॅड झिजत आला की ती डिस्कला लागून किंचाळते आणि मालकाला सूचना देते. धुळीमुळेही असा आवाज येऊ शकतो, म्हणून चाक काढून पॅडची जाडी पाहायला सांगावे. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटरचा असतो आणि ३ मिलिमीटर उरला की बदलणे योग्य. एका बाजूचा पॅड झिजला असला तरी दोन्ही चाकांचे पॅड जोडीने बदलावेत. आणि आतला व बाहेरचा पॅड यांच्या झिजेत मोठा फरक असेल, तर कॅलिपरच्या पिना अडकल्या आहेत का, हेही तपासून घ्यावे, नाहीतर नवे पॅडही तसेच झिजतील. आवाज लोखंडावर लोखंड घासल्यासारखा झाला, तर गाडी चालवू नये.

प्रश्न : महामार्गावर ८०च्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते. मेकॅनिक दोन्ही डिस्क बदलायला सांगतो. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : केवळ ब्रेक लावतानाच थरथर होत असेल, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसावी, हा मेकॅनिकचा अंदाज बरोबर असू शकतो. ब्रेक न लावताही थरथर होत असेल, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग पाहावे. डिस्कवर तिची किमान जाडी बहुधा कोरलेली असते. मोजमाप घेऊन तिच्यापेक्षा पुरेशी जाडी उरत असेल तर डिस्क लेथवर घासून घेता येते, नसेल तर बदलण्यावाचून गत्यंतर नाही. ‘बदला’ म्हणणाऱ्याकडून तो आकडा अवश्य मागावा. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली धडधडते, तो मात्र एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाके अडकून घसरू न देणाऱ्या यंत्रणेच्या, कामाचा भाग आहे. त्या वेळी पाय उचलू नये.

प्रश्न : डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागला. ऑइलची पातळी कमी होती, ती भरल्यावर दिवा गेला. एवढे पुरेसे आहे ना? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नाही. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखे जळत नाही. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात, तेथे अधिक ऑइल जाते आणि टाकीतील पातळी उतरते; अन्यथा कुठेतरी गळती असते. दोन्ही बाबतीत ऑइल भरल्याने फक्त सूचना बंद होते. चाकांच्या आतल्या बाजू, नळ्या आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब आणणारा भाग) ओले आहेत का, ते पाहून घ्यावे. इंजिन चालू असताना पेडल एकसारख्या जोराने दाबून धरले आणि ते सावकाश खाली जात राहिले, तर त्याच दिवशी गॅरेज गाठावे, तेही गाडी ओढून नेऊन. भरलेले ऑइल कोणते होते, हेही कळवले असते तर बरे झाले असते. चुकून इंजिन ऑइल किंवा दुसरे कोणतेही खनिज तेल गेले असेल, तर ब्रेकमधील रबरी सील फुगतात आणि पुढचा खर्च फार मोठा होतो.

प्रश्न : मुलगा परदेशी असतो, त्याची गाडी दापोलीला घरी उभी असते. मागच्या वेळी चार महिन्यांनी काढली, तर मागचे चाक फिरेना. (एक वाचक, दापोली)

उत्तर : हँडब्रेक ओढून ठेवल्यामुळे मागच्या ड्रममधील (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यासारख्या ब्रेकमधील) लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, गंजामुळे ड्रमला चिकटले असणार. यापुढे गाडी सपाट जागी उभी करून पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, चाकांना पुढून-मागून ओंडके किंवा विटा लावाव्यात आणि हँडब्रेक सोडून ठेवावा. पंधरवड्यातून एकदा कोणी अंगणात थोडी पुढे-मागे केली तर उत्तम. पुन्हा चाक अडकलेच, तर एक-दोनदा हलकेच रिव्हर्स करून पाहावे. तेवढ्याने न सुटल्यास इंजिनाचा जोर लावत बसू नये. मेकॅनिकला बोलावून ड्रम उघडून घ्यावा आणि लायनरचा थर सुटून आलेला नाही ना, याची खात्री झाल्यावरच गाडी रस्त्यावर आणावी.