लहान चर्चमध्ये रविवारी नेमकं काय होतं, आणि लोक तिथंच का जातात?

तुम्ही विचारलंय की जेमतेम तीस-चाळीस माणसं येणाऱ्या चर्चमध्ये रविवारी नेमकं काय चालतं, मोठं चर्च जवळ असूनही लोक तिथंच का जातात, आणि ख्रिस्ती नसलेल्या माणसानं तिथं गेलेलं चालतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. चालतं. उपासना सगळ्यांसाठी खुली असते, तिला वर्गणी नसते. खुशाल जा.

मी अशाच एका लहान प्रॉटेस्टंट मंडळीची, म्हणजे चर्चमध्ये जमणाऱ्या समुदायाची, सभासद आहे आणि तिच्या कामातही माझा हात असतो, म्हणून लिहितेय ते आतून पाहिलेलं आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, पेंटेकॉस्टल चर्चमध्ये तपशील बराच बदलतो.

उपासनेचा सांगाडा मात्र फार जुना आहे. इसवी सन 155 च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टर या ख्रिस्ती विचारवंतानं सम्राट अँटोनिनस पायसला उद्देशून आपल्या लोकांची बाजू मांडणारा ग्रंथ लिहिला. ख्रिस्ती लोक एकत्र जमून काय करतात याबद्दल नाही नाही त्या अफवा होत्या, म्हणून त्यानं सगळं उघड सांगून टाकलं. रविवारी सगळे एका ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचं लिखाण वेळ असेल तोवर वाचतात. मग प्रमुख बोध करतो, सगळे उभं राहून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस आणला जातो, प्रमुख आभार मानतो आणि लोक ‘आमेन’ म्हणतात. तो प्रसाद सगळ्यांना मिळतो, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, तो घेऊन जातात. ज्यांची ऐपत आहे ते राजीखुशीनं दान देतात. त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले यांची सोय बघितली जाते. मला हे वर्णन फार मोलाचं वाटतं, कारण उपासना कुठं संपली आणि एकमेकांची काळजी कुठं सुरू झाली हे त्यात वेगळं काढता येत नाही. लहान चर्चमध्ये आजही तसंच असतं. लोक तिथं टिकतात ते माझ्या मते यासाठीच.

आता आजच्या रविवारबद्दल. सुरुवातीचं गीत, पापांगीकार (आपल्या चुकांची कबुली), शास्त्रवाचन म्हणजे बायबलचं वाचन, उपदेश, प्रार्थना, दान, प्रभुभोजन असेल तर ते, आणि शेवटी आशीर्वाद. एवढ्याला सव्वा ते दीड तास लागतो. वाचन कुठलं करायचं हे अनेक चर्चमध्ये पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आपल्या मनानं ठरवत नाहीत, त्यासाठी वाचनपाठांचं वेळापत्रक असतं. कित्येक प्रॉटेस्टंट चर्च 1992 मध्ये तयार झालेलं तीन वर्षांचं चक्र पाळतात. येशूचं चरित्र सांगणारी चार पुस्तकं बायबलमध्ये आहेत; त्यातलं एक वर्ष मत्तय, एक वर्ष मार्क, एक वर्ष लूक येतं, आणि योहानाचे भाग तिन्ही वर्षांत विखुरलेले असतात. कॅथलिकांचं चक्रही तीनच वर्षांचं आहे. याचा मोठा फायदा असा की पाळकांना अवघड वाटणारा उताराही टाळता येत नाही. शिवाय वाचन पाळकच करतात असं नाही. आमच्याकडे पाळी लावलेली असते, आणि बारा वर्षांची मुलगी यशयाचा अध्याय वाचायला उभी राहते तेव्हा अवघड नावावर ती अडखळली की पहिल्या बाकावरून कुणीतरी हळूच नाव सांगतं. ती ते म्हणते आणि पुढं वाचते.

गाण्याचं म्हणाल तर मोठ्या चर्चसारखं संगीत तिथं मिळणार नाही. वाजवणारं कुणी आलं नाही तर गीत तसंच म्हटलं जातं. कधी पट्टी इतकी उंच लागते की दुसऱ्या कडव्याला कुणाचाच आवाज पोचत नाही. मग सगळे थांबतात, कुणीतरी खालच्या सुरात चाल उचलतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मोठ्या गायकवृंदाचं गाणं मलाही आवडतं, पण तिथं मी ऐकणारी असते. तीस माणसांत प्रत्येकाचा आवाज लागतो. पाच जण आले नाहीत तर गाणं लगेच पातळ होतं आणि ते सगळ्यांच्या लक्षात येतं.

माझ्यासाठी उपासनेचा गाभा म्हणजे मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे दुसऱ्यांसाठी केलेली. मोठ्या चर्चमध्ये ती बहुधा मोघम असते: आजाऱ्यांसाठी, दुःखितांसाठी, राज्यकर्त्यांसाठी. लहान चर्चमध्ये ती नावानिशी होते. उपासनेच्या आधी एक बाई वही घेऊन बाकांमधून फिरते आणि विचारते, कुणासाठी प्रार्थना करायची? शस्त्रक्रिया असलेली मावशी, परीक्षेला बसलेला मुलगा, नोकरी गेलेला जावई, सगळं त्या वहीत उतरतं. मग ती नावं सगळ्यांसमोर वाचली जातात आणि मध्ये थोडी शांतता ठेवली जाते. पुढच्या रविवारी त्याच वहीतून विचारणाही होते: शस्त्रक्रिया कशी झाली? ज्याच्यासाठी आपण आठवडाभर प्रार्थना केली त्याच्याशी बोलल्याशिवाय घरी जाता येत नाही. निदान मला तरी येत नाही. यात धोकाही आहे. प्रार्थनेच्या नावाखाली दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर येऊ शकतात. म्हणून आमच्याकडे साधा नियम आहे, ज्याचं नाव घ्यायचं त्याला आधी विचारायचं. तुम्ही ज्या चर्चमध्ये जाल तिथं हे पथ्य पाळलं जातं का ते जरूर बघा. मंडळी कशी आहे ते त्यावरून बरंच कळतं.

प्रभुभोजनाबद्दल नवख्या माणसाला सगळ्यात जास्त धाकधूक असते. येशूनं आपल्या मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांना भाकर आणि प्याला दिला, त्याची ही आठवण. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चची श्रद्धा आहे की त्यात ख्रिस्त स्वतः खरोखर उपस्थित असतो. बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्या ते स्मरण आणि सहभागिता मानतात. किती वेळा घ्यायचं तेही वेगवेगळं: कुठं दर रविवारी, कुठं महिन्यातून एकदा. तुमचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यानं होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, झालेला नसेल तर जागेवरच बसून राहा, पुढं जाऊ नका. कुणाला राग येत नाही, कुणी वळून पाहत नाही. काही ठिकाणी न घेणाऱ्यांनाही पुढं बोलावून आशीर्वाद देतात, तसं असेल तर पाळक आधी सांगतात.

दानाची थैली किंवा ताट फिरेल. पाहुण्यानं काही टाकायलाच हवं असं मुळीच नाही, ते सभासदांचं काम. जिथं जमाखर्च वर्षातून एकदा सगळ्यांपुढं वाचून दाखवला जातो, ते चर्च विश्वासाचं असं मी मानते.

जस्टिनच्या वर्णनातलं ते वाक्य, न आलेल्यांकडे प्रसाद घेऊन जाण्याचं, माझ्या आवडीचं आहे, कारण ते काम मी पाळकांबरोबर जाऊन करते. लहानशा डबीत भाकरीचे तुकडे, छोट्या बाटलीत द्राक्षारस, आणि प्रार्थनेचं पुस्तक. आमच्या शब्बाथशाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या धर्मवर्गाच्या, एक जुन्या बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. आम्ही गेलो की त्या आधी विचारायच्या, “माझ्या जागेवर आता कोण बसतं?” मी नाव सांगितलं की ती मुलगी गाते का, तिला पुस्तक मिळालं का, अशी सगळी चौकशी व्हायची. मगच त्या डोळे मिटून हात जोडायच्या. घराबाहेर पडता येत नसूनही त्या मंडळीतच होत्या. त्या गेल्या तेव्हा खांदा द्यायला, घरच्यांजवळ रात्रभर बसायला आणि नंतरचे कित्येक दिवस डबा पोचवायला कुणाला सांगावं लागलं नाही.

तुम्ही जाणार आहात म्हणून जड बाजूही सांगते. माणसं कमी, त्यामुळं कामं त्याच चार जणांच्या अंगावर पडतात: झाडलोट, हिशोब, मुलांचे वर्ग, दाराची किल्ली. ती माणसं थकतात. भांडण झालं तर लांबच्या बाकावर जाऊन बसायला लांबचा बाकच नसतो. एखादं कुटुंब दुखावून निघून गेलं तर ती पोकळी वर्षानुवर्षं जाणवते. आणि कुणाच्या नजरेत न येता शांत बसून जायचं असेल, तर मोठं चर्च नक्कीच बरं. काही काळ माणसाला त्याचीही गरज असते, त्यात वाईट काही नाही.

पण लहान चर्च म्हणजे मोठं होता न आलेलं चर्च, हा समज मला पटत नाही. पहिली मंडळी घरांमध्येच भरायची. प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला पौल या पहिल्या शतकातल्या प्रेषितानं रोमकरांना लिहिलेल्या पत्रात सलाम पाठवला आहे. सीरियात फरात नदीकाठच्या दुरा-युरोपस इथं तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातलं एक चर्च उत्खननात सापडलं. मुळात ते साधं राहतं घर होतं. दोन खोल्यांमधली भिंत पाडून उपासनेची खोली केलेली, आणि एका लहान खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड. त्या मोठ्या खोलीत फार तर 70 च्या आसपास माणसं मावली असतील. आज हजारोंची चर्चसुद्धा आपल्या लोकांना दहा-बारा जणांच्या घरसभांमध्ये वाटून देतात, कारण हजारांच्या गर्दीत कोण आजारी आहे ते कळत नाही.

जायचं ठरवलंत तर पहिल्या खेपेला नाताळ किंवा ईस्टर टाळा. त्या दिवशी एरवी न येणारेही येतात, गर्दी असते आणि उपासनाही नेहमीची नसते. एखादा साधा रविवार निवडा. दहा मिनिटं आधी पोचा, मधल्या किंवा मागच्या बाकावर बसा, गीतांचं पुस्तक मागून घ्या. उभं राहायचं, बसायचं ते शेजाऱ्याकडे बघून करा. गुडघे टेकणं, प्रार्थना म्हणणं तुमच्या मनाविरुद्ध असेल तर नुसतं शांत बसलात तरी पुरे. आशीर्वाद झाल्यावर लगेच निघू नका, दहा मिनिटं थांबा. कोण कुणाशी बोलतं, एकटं उभं असलेल्या माणसाजवळ कुणी जातं का, म्हाताऱ्यांना घरी कोण सोडतं, हे बघा. तुमच्या ‘लोक तिथंच का जातात’ या प्रश्नाचं त्या मंडळीपुरतं उत्तर तिथंच मिळेल, आणि ते कधीकधी निराश करणारंही असू शकतं. तसं झालं तर दुसरी एखादी मंडळी बघा.