बिअरच्या यीस्टमध्ये जनुकबदल कशासाठी?

प्रश्न : बिअरसाठी वापरल्या जाणाऱ्या यीस्टमध्ये जनुकीय अभियांत्रिकीने बदल करतात, असे वाचनात आले. त्याने किण्वन नेमके कसे सुधारते? अशी बिअर विक्रीला आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ब्रुअरीला सर्वांत जाचतो तो वेळ. लागर बिअरचे मुख्य किण्वन साधारण आठवड्याभरात आटोपते. परंतु त्यानंतर ती टाक्यांमध्ये कित्येक दिवस, जुन्या पद्धतीत तर काही आठवडे, मुरत ठेवावी लागते आणि याचे एक मोठे कारण म्हणजे डायअ‍ॅसिटिल हे संयुग. लोण्याला त्याचा खास वास देणारे हे संयुग लागरमध्ये लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास असले, तरी जाणवते आणि तिथे ते दोष ठरते.

यीस्टची पेशी व्हॅलिन हे अमिनो आम्ल तयार करत असताना अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट हा मधल्या टप्प्यावरचा पदार्थ थोडाफार बाहेर झिरपतो. बिअरमध्ये त्याचे आपोआप, पण फार संथपणे, डायअ‍ॅसिटिल बनते आणि मग यीस्ट ते पुन्हा आत घेऊन त्याचे जवळजवळ गंधहीन पदार्थांत रूपांतर करते. सारा खोळंबा होतो तो या संथ पायरीपाशी. काही जीवाणूंकडे मात्र अ‍ॅसिटोलॅक्टेटपासून थेट अ‍ॅसिटोइन हा जवळजवळ गंधहीन पदार्थ बनवणारे विकर (एन्झाइम) असते, जे यीस्टकडे नसते. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जपान आणि फिनलंड येथील संशोधकांनी या विकराचे जनुक बिअरच्या यीस्टमध्ये घातले, तेव्हा डायअ‍ॅसिटिल फारसे साचलेच नाही. माझ्या मते या क्षेत्रातील हा सर्वांत नेटका प्रयोग आहे, कारण अडचण जिथे होती तिथेच तो हात घालतो.

तरीही ब्रुअरींनी ते यीस्ट स्वीकारण्याऐवजी तयार विकर विकत घेऊन किण्वनाच्या टाकीत मिसळणे पसंत केले. ब्रिटनमध्ये १९९४ मध्ये स्टार्चचे अवशेष अधिक पचवणाऱ्या एका जनुकबदल केलेल्या यीस्टला मान्यता मिळाली, पण तेही व्यापारी उत्पादनात उतरले नाही. अमेरिकेत मात्र आता अशी यीस्ट विकली जातात. त्यांपैकी काही किण्वनाबरोबरच लॅक्टिक आम्ल तयार करून आंबट बिअरचे काम सोपे करतात.

अ‍ॅसिटोइन साध्या बिअरमध्येही असते आणि गाळलेल्या बिअरमध्ये यीस्ट जवळजवळ उरत नाही, त्यामुळे मला यात धोका दिसत नाही. बाटलीवर मात्र जनुकबदलाचा स्पष्ट उल्लेख असावा, कारण तो जाणून घेण्याचा हक्क पिणाऱ्याला आहे.